गोष्टीतील मोहाचे झाड

गोष्ट आवडली, पण तीत काय आवडले ते सांगता येत नाही, असे पुष्कळ वाचक म्हणतात. कथानक, पात्रे, वातावरण, निवेदन ही नावे शाळेत सर्वांनीच घोकलेली असतात. अडचण नावांची नाही. प्रत्यक्ष गोष्टीत ती कोठे काम करतात हे ओळखण्याची आहे. म्हणून व्याख्या बाजूस ठेवून आपण एक लहानशी गोष्ट घेऊ. ती कोणा नामवंताची नव्हे; ह्या विवेचनापुरती आम्हीच रचली आहे.

चैत्राचे दिवस. गडचिरोलीकडील एका गावची म्हातारी पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन आपल्या मोहाखाली जाते. मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि उजाडता उजाडता वेचावी लागतात, नाहीतर गुरे आणि रानातली जनावरे ती खाऊन टाकतात. कोणते झाड कोणत्या घरचे, हे गावाला ठाऊक असते. आज त्या झाडाखाली वेगळी राहिलेली सून फुले वेचीत बसली आहे. वर्षभर दोघींचे बोलणे नाही. म्हातारी काही न बोलता दुसऱ्या अंगाला बसून वेचू लागते. उजाडते. उठताना ती आपल्या टोपलीतील ओंजळभर फुले सुनेच्या टोपलीत टाकते आणि चालू लागते.

म्हातारी गेली, सून दिसली, फुले टाकली, ही झाली घटनांची रांग. वर्षभराचा अबोला कळला की त्या रांगेत ओढ निर्माण होते. ती ओढ म्हणजे कथानक. ना. सी. फडके यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कथेच्या तंत्राची चर्चा घरोघर नेली. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने घटनेचे महत्त्व कमी केले. पण ओढ त्यांनाही टाकता आली नाही. पात्राविषयी थोडक्यात एवढेच, की म्हातारी प्रेमळ होती असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही.

आता वातावरण. आमचे खरे गाऱ्हाणे येथे आहे. त्या गोष्टीतून मोहाचे झाड काढा आणि दोघींची गाठ बाजारात घालून पाहा. झाडावरचा हक्क गेला, पहाटेची घाई गेली, न बोलता जवळ बसण्याचे निमित्तही गेले. गोष्टच उरली नाही! झाडीपट्टीत धान निघाल्यावर रात्ररात्र नाटके रंगतात. तेथे मागचा रंगवलेला पडदा बदलला तरी नटाचे भाषण बदलत नाही, आणि नाटकाला ते चालूनही जाते. कथेला चालत नाही. आमच्या भागावर लिहिलेल्या कितीतरी गोष्टींत मात्र साग, वाघ आणि वैनगंगा अशा पडद्यावरच चितारलेली असतात; ताडोब्याचा वाघ एकदा डरकाळी फोडतो आणि मग पुण्या-मुंबईत कोठेही घडली असती अशी प्रेमकथा सुरू होते. त्याहून वाईट हे, की रानात राहणारी माणसेही त्याच पडद्यावर रंगवून टाकलेली असतात. १९७९ साली चंद्रपुरास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वामन कृष्ण चोरघडे हे विदर्भातले कथाकारच होते. कथेचा असा मान झालेल्या गावात तरी वाचकाने हा पडदा ओळखावा.

राहिले निवेदन. आमची गोष्ट म्हातारीच्या मागोमाग चालली, म्हणून ती ओंजळ आपल्याला माया वाटली. सुनेच्या बाजूने पाहिले तर? झाड माझेच आहे, तुला देते आहे ती मी, असेही त्या ओंजळीचे बोलणे असू शकेल. आम्ही तीच गोष्ट सुनेच्या तोंडून लिहून पाहिली. तीत म्हातारी दिसेनाशी झाल्यावर सून ती ओंजळ टोपलीतून काढते आणि पुन्हा झाडाच्या बुंध्याशी ठेवते.