पुढच्या चाकांतली खडखड

कडोलीहून बेळगावकडे जाणाऱ्या मोटारीच्या पुढून खडखड ऐकू आली की पहिला संशय शॉकअपवर जातो, आणि अनेकदा पहिला खर्चही त्याच्यावरच होतो. संशय अगदीच अनाठायी नाही, पण क्रम चुकतो. आवाज कुठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहायला हवं. आजच्या मोटारीची बॉडी म्हणजे पत्र्याची एकजीव पेटी. डाव्या चाकाजवळ बसलेला ठोका पत्र्यातून फिरत चालकाच्या पायाखाली उमटतो. जागेच्या बाबतीत कान फसतो, वेळेच्या बाबतीत सहसा नाही.

जुन्या अ‍ॅम्बॅसडरला पुढे टॉर्शन बार होते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने मॅकफर्सन स्ट्रटची रचना घरोघरी नेली आणि आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत आजही तीच आहे. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. वर बॉडीला रबरी माउंट आणि बेअरिंग. खाली लोअर आर्म, त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट आणि दुसरीकडे रबरी बुश. डावी-उजवी बाजू जोडणारा स्टॅबिलायझर बार वेगळा, आणि त्याच्या टोकांना दोन बारीक लिंक. हाताच्या बोटाएवढ्या जाडीची ही लिंक सगळ्यांत स्वस्त भागांपैकी एक, आणि खडखडीच्या तक्रारीत तिचा वाटा मोठा.

ती ओळखायला रस्ताच उपयोगी पडतो. गावाच्या वेशीवरच्या आडव्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर उचलली जातात, तेव्हा बार नुसता फिरतो, त्याला पीळ पडत नाही. पावसाने उखडलेल्या कडेला एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळतो आणि झिजलेल्या लिंकचा खुळखुळाट सुरू होतो. म्हणजे गतिरोधकावर गप्प आणि एका बाजूच्या खड्ड्यात बडबड, असं असेल तर शॉकअपच्या आधी लिंक बघावी. खात्री करायची तर एका बाजूची लिंक सोडून, तिचं टोक कशाला लागणार नाही असं बांधून, थोडं अंतर अगदी सावकाश चालवावं. एक टोक सुटलं की बारला पीळच पडत नाही, त्यामुळे दोन्ही लिंकवरचा ताण जातो. आवाज थांबला, तर शोध तिथेच संपतो.

बाकीचे दोषही असेच आपापली वेळ सांगतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग 'टण्ण' करून उडी मारत असेल तर वरचं माउंट किंवा त्याचं बेअरिंग. तवंदी घाट उतरताना ब्रेक लावल्यावर एकच दणका बसत असेल तर लोअर आर्मचा बुश तपासावा. चालत्या गाडीत पूर्ण वळणावर कटकट झाली तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा दोष, सस्पेन्शनचा नव्हेच. आणि ब्रेकवर नुसता पाय टेकताच खडखड थांबत असेल, तर ब्रेक पॅड आधी पाहा.

यावर कोणी म्हणेल, अनुभवी मिस्त्री एका फेरीत सांगतो, मग एवढा खटाटोप कशाला? तो सांगतो हे खरं. पण तोही मनात हीच प्रश्नावली चालवतो, आणि गाडीमालकाने उत्तरं आधीच दिली तर त्याचं काम सोपं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मजुरी वाचवायला सगळंच एकदम बदलून टाकावं. लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीत याला अर्थ आहे, आणि शॉकअप तर जोडीनेच बदलावेत. पण आवाज दुसऱ्याच भागाचा असेल, तर सगळे सुटे भाग नवे होऊनही खडखड तशीच राहते. तिसरं म्हणणं, आवाजच तर आहे, चालू द्या. बॉल जॉइंटच्या बाबतीत मात्र हे मुळीच चालणार नाही. तो निखळला की चाक आडवं पडतं. गाडी स्टँडवर भक्कम टेकवून, चाक लोंबकळत ठेवून, लोअर आर्मखाली पहार लावून हिसका द्यावा. जॉइंट वरखाली हलला की दुरुस्ती त्याच दिवशी.

कर्रकर्र आवाजावर बुशला ऑइल मारण्याची पद्धत मात्र वाईट. ऑइलने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्याऐवजी पाणी शिंपडून बघावं; आवाज क्षणभर थांबला तर जागा सापडली. आणि नवा बुश काही महिन्यांत फाटला, तर दोष मालाचा नसून कसण्याचा असू शकतो. चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट आवळले, की गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून ते बोल्ट आधी सैल ठेवून, गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे कसावेत, मग अलाइनमेंट.