समांतर व्यवहारांचा मागोवा

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात सुमारे 65,000 जात प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी पॉलिगॉन या ब्लॉकचेनचा, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या आणि मागाहून सहजी बदलता न येणाऱ्या नोंदवहीचा, आधार घेण्याचा उपक्रम 2022 मध्ये पुढे आला. तेथील माडिया गोंड असोत की यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम, शिष्यवृत्तीपासून नोकरीपर्यंतचे अनेक हक्क या कागदावर अवलंबून असल्याने अशा नोंदवहीची क्षमता हा विदर्भासाठी केवळ तांत्रिक प्रश्न उरत नाही.

2009 च्या बिटकॉइनची मजल सेकंदाला सुमारे सात व्यवहारांपर्यंतच होती. 2015 मध्ये आलेल्या इथेरियमने स्मार्ट करार, म्हणजे नोंदवहीवरच चालणारे प्रोग्राम, आणले; परंतु प्रत्येक संगणकाचा अंतिम हिशेब तंतोतंत जुळावा म्हणून व्यवहार एकामागून एकच चालवले जात, जणू यवतमाळच्या बाजार समितीत काटे अनेक असूनही कापसाच्या साऱ्या गाड्या एकाच काट्यावर मोजाव्यात. डिसेंबर 2017 मध्ये क्रिप्टोकिटीज या खेळाने इथेरियम तुंबवले, तर 2017 सालीच मॅटिक नावाने भारतीय अभियंत्यांनी सुरू केलेले पॉलिगॉन जानेवारी 2022 मध्ये सनफ्लॉवर फार्मर्स या शेतीच्याच खेळाने कोंडले. अशा कोंडीत प्रमाणपत्राची नोंदही खेळातील व्यवहारांच्या मागे ताटकळते, हे या रचनेचे खरे वैगुण्य होय.

यावर दोन मार्ग निघाले. 2020 च्या सोलाना या ब्लॉकचेनने प्रत्येक व्यवहाराला आपण कोणत्या खात्यांना हात लावणार हे आधीच सांगायला लावले, जेणेकरून परस्परांशी संबंध नसलेले व्यवहार एकाच वेळी वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालावेत. 2022 मधील ब्लॉक-एसटीएम पद्धतीने हे ओझे व्यवहार करणाऱ्यावरून काढले : सर्व व्यवहार आधी समांतर चालवायचे, नंतर कोणी जुने मूल्य वाचले का हे तपासायचे, आणि संघर्ष आढळला तेवढेच व्यवहार पुन्हा चालवायचे; निकाल मात्र ठरलेल्या क्रमाने चालवल्यासारखाच येतो. पॉलिगॉननेही पुढे हीच पद्धत स्वीकारली.

तरीही वेग अखेर व्यवहारांच्या परस्पर स्वातंत्र्यावरच ठरतो. दोन व्यक्तींच्या प्रमाणपत्रांचा एकमेकांशी संबंध नसल्याने त्या नोंदी समांतरतेला सर्वाधिक अनुकूल असतात. मात्र करार लिहिताना एकूण प्रमाणपत्रे मोजणारा एकच सामाईक आकडा ठेवला, तर प्रत्येक नोंद त्या आकड्याला हात लावते आणि प्रोसेसर कितीही असले तरी रांग पुन्हा एकच होते.