कॅप्टन कोण होणार?

मित्रमैत्रिणींचा ग्रुप, आठवडाभर स्वतःच्या ताब्यात शिडाची बोट आणि रोज नवं बेट. आयडिया भन्नाट आहे, पण ती ग्रुपवर पडली रे पडली की पहिला प्रश्न येतो, 'किती लागतील?' खरं तर त्याआधी ठरवायला हवं, की बोट चालवणार कोण?

शिकाऊ मंडळींसाठी ग्रीसचा आयोनियन समुद्र बेस्ट. त्यातही लेफकाडा, मेगानिसी, इथाका आणि केफालोनिया या बेटांच्या कुशीतला भाग. इथले लोक त्याला 'आतला समुद्र'च म्हणतात. पलीकडच्या एजियन समुद्रात उन्हाळ्यात मेल्तेमी नावाचा वारा दिवसचे दिवस झोडपत असतो. इथे तसं नाही. सकाळी पाणी जवळपास सपाट. दुपारनंतर वायव्येकडून 'माइस्त्रो' वारा सुरू होतो आणि सूर्य मावळता मावळता पडतो. भरती-ओहोटी जेमतेम. पुढचं बेट बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच असतं.

म्हणून दिवस वाऱ्याच्या टाइमटेबलवर बसवायचा. सकाळी एखाद्या खाडीत पोहणं, दुपारी शिडं, आणि चारच्या आत बंदर. उशीर केलात तर धक्क्यावर जागा मिळत नाही. बोटीचा वेग साधारण पाच-सहा नॉट, म्हणजे ताशी नऊ ते अकरा किलोमीटर. आपली सायकल याहून जोरात जाते! तेव्हा 'एका दिवसात तीन बेटं' वगैरे विसरा.

रूट सोपा ठेवा. लेफकाडाहून मेगानिसी, तिथून इथाकाचं किओनी, मग केफालोनियाचं फिस्कार्दो. १९५३च्या भूकंपात केफालोनियाची बहुतेक गावं जमीनदोस्त झाली, फिस्कार्दो मात्र वाचलं. त्यामुळे जुनी घरं अजून तिथेच दिसतात. परतताना लेफकाडाचं सिवोता. शनिवार ते शनिवार बोट मिळते, पण शुक्रवारी संध्याकाळीच ती तळावर आणून लावायची असते. म्हणजे हातात सहाच दिवस. त्यातला एक मोकळा ठेवा, हवा बिघडली तर लागतो.

आता कॅप्टन. ग्रीसमध्ये स्वतः बोट चालवायची तर कॅप्टनकडे सेलिंगचं मान्य सर्टिफिकेट लागतं, शिवाय बोटीची माहिती असलेला दुसरा माणूसही लागतो. एकटा एक्स्पर्ट आणि बाकी सगळे रील्स काढणारे, हे चालत नाही. खरी परीक्षा असते बोट लावताना. धक्क्यापासून लांब नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत रिव्हर्स यायचं आणि मागचे दोन दोर धक्क्याला बांधायचे. बाजूने वारा, शेजारी कुणाची तरी महागडी बोट आणि टॅव्हर्नात बसलेलं पब्लिक फुकटात शो बघतंय. त्या वेळी पाच जणांनी पाच सूचना दिल्या की संपलंच. म्हणून नांगर कुणाकडे, दोर कुणाकडे हे आधी ठरवा, आणि त्या दहा मिनिटांत शब्द एकाचाच.

इथाका हे ओडिसियसचं गाव, हे होमरच्या महाकाव्यामुळे ठाऊक असेल. त्यात एक किस्सा आहे. वाऱ्यांचा राजा त्याला उलटे वारे पिशवीत बांधून देतो. नऊ दिवस सुकाणू धरून, इथाका दिसायला लागल्यावर त्याला झोप लागते. खलाशांना वाटतं पिशवीत सोनं आहे, ते ती उघडतात आणि बोट पुन्हा होती तिथेच! कॅप्टनने क्रूला पिशवीत काय आहे ते सांगितलं नव्हतं, हे माझ्या मते जास्त महत्त्वाचं.

सर्टिफिकेट नसेल तर दोन मार्ग. पगारी कॅप्टन घ्या, पण त्याची केबिन आणि जेवण हिशोबात धरा. किंवा फ्लोटिला, म्हणजे अनेक बोटी एकत्र निघतात आणि पुढच्या बोटीवर जाणकार माणसं असतात. मात्र तुमची बोट तुम्हालाच चालवावी लागते, त्यामुळे कागदपत्रांबद्दल कंपनीला आधीच विचारा.

पैशांचं म्हणाल तर जुलै-ऑगस्ट टाळा. मे किंवा सप्टेंबरअखेर बोटी स्वस्त मिळतात. भाड्यावर डिझेल, शेवटची सफाई आणि डिपॉझिट असतं. डिपॉझिट कुणाच्या कार्डवर आणि नुकसान झालं तर कोण भरणार, हे निघण्याआधी लिहून ठेवा. मैत्री इथेच फाटते. मेगानिसीच्या स्पार्तोखोरीसारख्या ठिकाणी टॅव्हर्नाचा स्वतःचा धक्का असतो. रात्री तिथे जेवलात की बोट लावायचे वेगळे पैसे पडत नाहीत.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. कडक सुटकेस नेऊ नका, बोटीत ठेवायला जागाच नसते. घडी होणारी बॅग हवी. आणि टाकीतलं गोडं पाणी मोजकंच असतं, त्यामुळे तासभर शॉवर घेणाऱ्या मेंबरला आत्ताच सांगून ठेवा.