एका ख्रिस्तमंदिराचें संकेतस्थळ

गेल्या वर्षींच्या उत्तम शुक्रवारची गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतें. आमच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक जुनें ख्रिस्तमंदिर आहे. त्याच्या बंद दरवाज्यापाशीं कांहीं माणसें तिष्ठत उभीं आहेत असें सूनबाईंनीं येऊन सांगितलें, म्हणून मी चौकशीस गेलों. मुलगा, सून, दोन नातवंडें आणि ऐंशीच्या घरांतील एक वृद्ध बाई अशीं तीं मंडळी पहांटे निघून मोटारीनें दूरवरून आलीं होतीं. बाईंचा बाप्तिस्मा याच मंदिरांत झालेला. वडील येथल्याच शाळेंत शिक्षक. डोळे मिटण्यापूर्वीं एकदां या मंदिरांत उपासनेस बसावें एवढीच त्यांची इच्छा होती. मंदिराच्या संकेतस्थळावर उपासनेची वेळ 'दुपारीं चार' अशी त्यांनीं वाचली होती. प्रत्यक्षांत ती उपासना बारापासून तीनपर्यंत होऊन गेली होती, आणि पाळक किल्ली घेऊन दूरच्या वस्तीवर दुसऱ्या प्रार्थनेस गेले होते. बाईंनीं आमच्या ओसरीवर बसून पाणी घेतलें; उपास असल्यामुळें दुसरें कांहीं घेतलें नाहीं. समोरच्या घंटेच्या मनोऱ्याकडे पाहत त्या घटकाभर बसल्या व दिवस कलल्यावर परत गेल्या.

दुसऱ्या दिवशीं मीं ही हकीकत पाळकसाहेबांना सांगितली. ते माझे जुने विद्यार्थी. ऐकतांच त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "गुरुजी, ती वेळ सहा वर्षांपूर्वीं एकाच वर्षापुरती ठेवली होती. ज्या तरुणानें संकेतस्थळ उभारलें तो परदेशीं गेला. परवलीचा शब्द त्याच्याच जवळ राहिला, आणि पुढें कोणी त्याला हात लावला नाहीं." मग थोडें थांबून म्हणाले, "आतां सर्व नव्यानें करावयाचें आहे. तंत्राचा भाग आमचीं मुलें पाहतील. मराठी मजकूर आपण पाहून द्याल काय?"

अशा रीतीनें मी या विषयांत ओढला गेलों. त्या मुलामुलींच्या शेजारीं कांहीं महिने बसून जें समजलें, तें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, तें ख्रिस्तमंदिराइतकेंच आपल्या गांवचें वाचनालय, पाठशाळा व देवस्थान यांसही लागू आहे.

आपल्या शास्त्रकारांनीं घटप्रदीपन्याय सांगितला आहे. घड्यांत ठेवलेला दिवा घड्याच्या आंतच उजेड पाडतो. ख्रिस्ती शास्त्रांतही मापाखालीं झांकलेल्या दिव्याचा दृष्टान्त आहे. नुसतें संकेतस्थळ उभारणें म्हणजे दिवा लावणें. तो घड्याबाहेर काढणें हें निराळें काम आहे, आणि बहुतेक संस्था तेंच विसरतात.

हें माध्यम फार जुनें नाहीं. जिनीव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं याची योजना मांडली आणि १९९३ च्या एप्रिलांत त्या संस्थेनें ती कोणतेंही मूल्य न घेतां सर्वांस खुली केली. धर्मसंस्था या कामीं मागें राहिल्या असें मात्र नाहीं. रोमच्या व्हॅटिकननें १९९५ च्या नाताळांतच आपलें संकेतस्थळ सुरू केलें, आणि तें चालविणाऱ्या यंत्रांस राफाएल, मायकेल व गॅब्रिएल या देवदूतांचीं नांवें दिलीं. इंग्लंडच्या चर्चनें तर आपल्या हजारों मंदिरांसाठीं एकच सामायिक सूचि केली आहे. तींत प्रत्येक मंदिरास स्वतंत्र पान असतें, आणि तेथलेच लोक आपल्या उपासनांच्या वेळा त्यांत भरतात.

आतां शोधयंत्राचें काम कसें चालतें तें पाहूं. गूगलसारख्या यंत्राच्या कामाचे तीन भाग आहेत. पहिला भाग भ्रमणाचा. त्याचे अदृश्य दूत एका पानावरून दुसऱ्या पानावर, दुव्यांच्या वाटेनें, अहोरात्र फिरत असतात. दुसरा सूचीचा. ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूचि असते, तशी जगांतील पानांची अवाढव्य सूचि तें करून ठेवतें. तिसरा भाग क्रमाचा. कोणी प्रश्न विचारला असतां सूचींतील कोणतें पान अगोदर दाखवावें हें तें ठरवितें. लॅरी पेज व सर्गेइ ब्रिन यांनीं १९९८ सालीं गूगल कंपनी काढली, तेव्हां त्यांची मुख्य युक्ति पंडितांच्या चांगल्या परिचयाची होती. ज्या ग्रंथाचा हवाला इतर ग्रंथकार, आणि त्यांतही मान्यवर ग्रंथकार, वारंवार देतात तो ग्रंथ प्रमाण मानावा. तद्वत् ज्या पानाकडे इतर चांगलीं पानें बोट दाखवितात त्याचें वजन अधिक. पुढें या नियमांत शेंकडों भर पडली, परंतु मूळ तत्त्व सुटलेलें नाहीं.

यावरून पहिला धडा निघाला. आमच्या मंदिराकडे कोणीच बोट दाखवीत नव्हतें. तेव्हां ज्या धर्मप्रांताशीं मंदिर जोडलेलें आहे त्याच्या संकेतस्थळावर, शेजारच्या शाळेच्या व रुग्णालयाच्या पानांवर दुवे द्यावेत अशी विनंती करण्यांत आली. विकत घेतलेले दुवे मात्र घेतले नाहींत. तो कपटाचा मार्ग असून यंत्र तो ओळखतें.

दुसरा धडा लिपीचा, आणि तो माझ्या वांट्यास आला. मंदिराचे जुने अहवाल व सूचनापत्रें छापखान्याच्या जुन्या मराठी टंकांत लिहिलेलीं होतीं. त्या टंकांत मराठी अक्षरें रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेलीं असतात. पडद्यावर मराठी दिसतें, पण यंत्रास तेथें रोमन अक्षरांचा निरर्थक गोंधळच दिसतो. मला फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण झाली. या इंग्रज जेझुइटानें दहा हजारांहून अधिक ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत रचलें. पण १६१६ सालीं गोव्यांत रायतूर येथें तें छापावयाचें झालें तें रोमन लिपींत, कारण देवनागरी खिळे हाताशीं नव्हते. चारशें वर्षांनीं त्याच्या उलट तऱ्हा! डोळ्यांस देवनागरी, पोटांत रोमन. यावर उपाय 'युनिकोड' या जागतिक संकेताचा. त्यांत देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. जुना मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारीं साधनें मिळतात. परंतु रफार, ऱ्हस्व इकार व जोडाक्षरें यांची त्यांत फार मोडतोड होते. एकूणएक पान मूळ प्रतीशीं ताडून पाहावें लागलें. हें काम शिक्षकाचेंच होय.

चित्रांविषयींही तसेंच. अनेक संस्था कार्यक्रमपत्रिकेचें रंगीत चित्र लावून मोकळ्या होतात. चित्रांतील अक्षरें यंत्र हल्लीं कांहीं अंशीं वाचतें, पण त्यावर विसंबूं नये. तारीख, वेळ व ठिकाण साध्या मजकुरांतच असावें. चित्राखालीं त्याचें शब्दांत वर्णन जोडलें म्हणजे यंत्रास तर कळतेंच, शिवाय ज्यांस दृष्टि नाहीं त्यांचें वाचकयंत्रही तें वाचून दाखवितें. छायाचित्रांचा आकारही आटोपशीर करावा. बहुतेक लोक भ्रमणध्वनीवर पाहतात, आणि गूगलही आतां पानाची परीक्षा भ्रमणध्वनीवर दिसणाऱ्या रूपावरूनच करतें.

तिसरा धडा भाषेचा, आणि येथें माझी फजिती झाली. वेळांच्या पानास मीं मोठ्या हौसेनें 'उपासना-समय-निवेदनम्' असें शीर्षक दिलें होतें. संघांतील एक बारावीची मुलगी नम्रपणें म्हणाली, "आजोबा, हें शोधायला कोण लिहील?" तिचें म्हणणें खरें होतें. लोक 'चर्च रविवार वेळ' असें लिहितात, तेंही पुष्कळदां रोमन अक्षरांत. मग शीर्षक झालें, 'रविवारच्या उपासनेची वेळ', आणि त्यापुढें मंदिराचें व गांवाचें नांव. प्रत्येक पानास असें वेगळें व नेमकें शीर्षक, दोन ओळींचा गोषवारा आणि एकच विषय असावा. पहिल्या पानावर चार प्रश्नांचीं उत्तरें मिळालींच पाहिजेत: मंदिर कोठें, उपासना केव्हां, कोणत्या भाषेंत आणि विचारावयाचें कोणास. मराठी व इंग्रजी पानें एकांत एक न मिसळतां वेगळ्या पत्त्यांवर ठेवलीं.

एकच शब्द पन्नास वेळां घुसडला म्हणजे पान वर येतें असा कांहींचा समज आहे. पानाच्या पोटांत दडविलेल्या कळशब्दांच्या यादीकडे आपण क्रम लावतांना पाहत नाहीं, असें गूगलनें २००९ सालींच जाहीर केलें. तरीही 'पहिला क्रमांक खात्रीनें मिळवून देतों' म्हणून पैसे मागणारे भेटतात. अशी खात्री कोणासही देतां येत नाहीं.

चौथी गोष्ट नकाशाची. जवळचें ठिकाण शोधणारा मनुष्य बहुधा संकेतस्थळापर्यंत जातच नाहीं. नकाशावर दिसेल तेंच खरें मानतो. गूगलच्या नकाशावरील संस्थेची नोंद विनामूल्य असते, मात्र ती आपली आहे असें संस्थेनें सिद्ध करून घ्यावें लागतें. स्थानिक ठिकाणांचा क्रम मुख्यतः प्रश्नाशीं सुसंगति, अंतर आणि प्रसिद्धि यांवर ठरतो असें गूगल स्वतःच सांगतें. अंतर आपल्या हातीं नाहीं. परंतु नांव, पत्ता व दूरध्वनि हीं सर्वत्र अक्षरशः सारखीं ठेवणें आपल्या हातीं आहे. आमच्या मंदिराचीं तीन ठिकाणीं तीन नांवें होतीं. तीं एक केलीं, आणि सणावारांच्या विशेष वेळा तेथें आगाऊ भरण्याचा परिपाठ घातला.

पांचवी गोष्ट मालकीची. संकेतस्थळाचें नांव दरसाल किंवा कांहीं सालांच्या मुदतीनें नोंदवावें लागतें. तें व्यक्तीच्या नांवें असूं नये, संस्थेच्या नांवें असावें. परवलीचे शब्द निदान दोन विश्वस्तांजवळ राहावेत व मुदतीची तारीख जमाखर्चाच्या वहींत लिहावी. मुदत चुकली तर नांव कोणीही घेऊं शकतो. केवळ फुकट मिळतें म्हणूनही विसंबूं नये. नकाशाच्या नोंदीबरोबर गूगल जें विनामूल्य लहान संकेतस्थळ देत असे, तें त्यानें २०२४ च्या मार्चांत बंद केलें. ज्यांचें सर्वस्व तेथेंच होतें त्यांस धांवाधांव करावी लागली.

एका बाबतींत मात्र दिवा घड्यांतच ठेवावा. मंदिराचीं बाप्तिस्म्याचीं व विवाहाचीं जुनीं पुस्तकें सबंध चढवावीत असें कांहीं तरुणांचें मत होतें. आजाऱ्यांसाठीं करावयाच्या प्रार्थनेची यादी पूर्वींच्या संकेतस्थळावर नांवानिशीं होती. पंचांनीं दोन्ही गोष्टी नाकारल्या, आणि मला तें योग्य वाटलें. कोणाच्या घरीं कोणता आजार आहे, कोणतें मूल कोणत्या वर्गांत जातें, हें जगास सांगण्याचा अधिकार संस्थेस नाहीं. नोंद हवी असेल त्यानें पत्र लिहावें. पाळक पाहून कळवितात.

फळ काय मिळालें? चमत्कार झाला नाहीं. नवीं पानें सूचींत येण्यास कांहीं आठवडे लागले, वर येण्यास कांहीं महिने. मंदिर लहानच आहे आणि लहानच राहील. पण गांवाच्या नांवासह 'चर्च' असें लिहिलें असतां आतां तें पहिल्या पानावर दिसतें, आणि दिसतें तें खरें असतें. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं ती बारावीची मुलगी प्रत्येक वेळ व तारीख तपासून वहींत सही करते. सर्व तंत्रांत मला हाच नियम श्रेष्ठ वाटतो.

नाताळास तें कुटुंब पुन्हां आलें. मुलगा, सून व दोन्ही नातवंडें होतीं, बाई नव्हत्या. पावसाळ्यांत त्या वारल्या होत्या. उपासनेनंतर मुलगा आमच्याकडे येऊन बसला. "या वेळीं वेळ नकाशावर पाहिली, संकेतस्थळावर पाहिली, आणि तरीही दूरध्वनि करून विचारली," असें तो म्हणाला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. पाळकसाहेब शेजारींच बसले होते. ते कांहीं बोलले नाहींत.

आपल्यापैकीं पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे विश्वस्त, कार्यवाह किंवा निदान सभासद असतील. आज सायंकाळीं घरांतील एखाद्या नातवास हाताशीं घ्यावें आणि आपल्या संस्थेचें नांव शोधयंत्रांत लिहून पाहावें. जें दिसेल त्यांतील एखादी वेळ, पत्ता किंवा क्रमांक जुना झाला असेल, तर तो उद्यांवर टाकूं नये.