फादर, पाणी आणि पॉलिटिक्स

‘धर्मगुरूंनी आपलं देवळात नाहीतर चर्चमध्ये बसावं, पॉलिटिक्समध्ये पडू नये!’ ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतंच. बोलणारे सगळे सुशिक्षित, वेळेवर ईएमआय भरणारे आणि मतदानाच्या सुट्टीत लोणावळा गाठणारे. धर्माच्या नावावर मतं मागणारे पुढारी पाहिले, की त्यातलं निम्मं मला पटतं. पण मग फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं काय करायचं?

वसईचे हे कॅथलिक धर्मगुरू 25 जुलै 2024 रोजी गेले. ‘सुवार्ता’ हे मराठी मासिक त्यांनी अनेक वर्षं चालवलं. बायबल सोप्या मराठीत आणलं, त्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. इथपर्यंत कोणाची काही हरकत नव्हती. पंचाईत झाली ती फादर पाण्यावर बोलायला लागले तेव्हा. वसईच्या केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांवर बिल्डरांची नजर होती. नव्या बिल्डिंगांसाठी गावातल्या विहिरी उपसून टँकर भरले जात होते. त्या काळात वसईत या मंडळींविरुद्ध तोंड उघडायला लोक घाबरायचे. तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली आणि तिच्या पुढे हे झगा घातलेले गृहस्थ होते.

आता हे धर्मकारण की राजकारण? मला विचाराल तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडत असताना नुसती प्रार्थना म्हणत बसणं, हेही एक राजकारणच आहे. फक्त ते सोयीचं असतं, म्हणून त्याला कोणी नाव ठेवत नाही.

वसईचं सोडा, ती निदान वेस्टर्न लाइनवर आहे. मणिबेली कुठे आहे, सांगता येईल? केवडियाला वीकेण्ड ट्रिप मारून आलेल्या निम्म्या मित्रांना मी विचारलं. 182 मीटरचा पुतळा, लेझर शो, सेल्फी, सगळं झालं होतं. धरणाच्या भिंतीमागे, पाण्याच्या काठाला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातलं एक गाव आहे, हे एकालाही माहीत नव्हतं.

अक्कलकुवा तालुक्यातलं हे आदिवासी गाव. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 गावांपैकी पहिलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाचा पावसाळी सत्याग्रह इथेच झाला. 1993 मध्ये जागतिक बँकेच्या उरलेल्या कर्जावर भारताने पाणी सोडलं आणि पुढच्याच वर्षी, मोठ्या धरणांना बँकेने पैसे देऊ नयेत अशी मागणी करणारा ‘मणिबेली जाहीरनामा’ निघाला. त्यावर 44 देशांतल्या 326 संस्थांच्या सह्या होत्या. आपल्याला नकाशात न सापडणारं गाव वॉशिंग्टनला माहीत होतं!

इथलं शूलपाणेश्वराचं प्राचीन देऊळ बुडालं. सरकारने गोरा इथे नवं बांधून दिलं. म्हणजे देवाचंही पुनर्वसन झालं. पण आदिवासींचा देव डोंगरात असतो, वाघात असतो, नदीत असतो. तो कोणत्या प्लॉटवर हलवणार? पुनर्वसनाच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. कच्छ-सौराष्ट्राची तहान खरी होती, हे मान्यच. पण धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा, म्हणजे आपल्या एसीचाही. तेव्हा ‘आपला काय संबंध’ म्हणायची सोय नाही.

म्हणून मणिबेलीबद्दल वाचताना मला दिब्रिटो आठवत राहतात. आपल्या पिढीचं अध्यात्म म्हणजे सीडीवर नाहीतर मोबाइलवर मेडिटेशन, दोन दिवसांचं शिबिर आणि सोमवारी फ्रेश होऊन पुन्हा टार्गेट! त्यात वाईट काहीच नाही, फक्त ते कोणाला अडचणीत आणत नाही. या फादरांची श्रद्धा आधी स्वतःलाच अडचणीत आणणारी होती. आणि अशी माणसं मराठीत पहिल्यांदाच झाली असंही नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ भरवला होता.

जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या (आताचं धाराशिव) 93व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिब्रिटोंना मिळालं. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. लगेच काही संघटनांचा विरोध सुरू झाला. कारण काय, तर ते फादर आहेत! गोव्यात 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत छापलं गेलं, हे या मंडळींना कोणी सांगितलं नसावं. दिब्रिटो पाठदुखीने बेजार होते, तरी व्हीलचेअरवरून आले. असहिष्णुतेवर जे बोलायचं ते व्यासपीठावरून बोलले आणि उपचारांसाठी परत गेले.

त्यांच्यापर्यंत पोचायचं असेल तर बायबलपासून सुरुवात करायची गरज नाही. ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन घ्या. चर्चगेट ते विरार रोजचा प्रवास असेल, तर आठवड्याभरात वाचून होईल. बसायला जागा मिळाली तर!