रद्दीत गेलेल्या डिरेक्टऱ्या आणि आपले मोहल्ले

टेलिफोन नव्हता तेव्हाही शहरात माणूस शोधावा लागायचाच. कोणता व्यापारी कुठे बसतो, वकिलाची कचेरी कोणत्या रस्त्यावर, आगबोटीचा एजंट कोण, हे सगळं एका जाडजूड पुस्तकात छापलेलं असे. त्याला डिरेक्टरी म्हणत. लंडनमध्ये १८००च्या सुमारास टपालखात्यातल्या लोकांनी ती सुरू केली आणि १८३०च्या दशकात फ्रेडरिक केली यांनी तिचा मोठा धंदा उभा केला. कलकत्त्याच्या थॅकर कंपनीची बंगाल डिरेक्टरी १८८५पासून साऱ्या हिंदुस्थानची झाली. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ची कॅलेंडर आणि डिरेक्टरी निघायची.

मग आज ही पुस्तकं इतकी दुर्मिळ का? नवी जंत्री आली की जुनी कोण जपून ठेवतो? डिरेक्टरीचंही तेच झालं. नवीन वर्षाची प्रत आली की जुनी पुडी बांधायला गेली. जी वाचली त्यांचे नकाशे कुणीतरी फाडून वेगळे विकले. कागदाची गंमत वेगळीच आहे. चिंध्यांपासून केलेला १८४०चा कागद पुष्कळदा अजून दणकट असतो, आणि लाकडाच्या लगद्याचा १८९०चा कागद पापडासारखा मोडतो. त्यामुळे ‘जितकं जुनं तितकं नाजूक’ हा हिशेब इथे चालत नाही.

आपल्याला यात रस का असावा, तर मोहल्ल्यांसाठी. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्तीतून नवे रस्ते निघाले. कित्येक गल्ल्या पुसल्या गेल्या. आज भेंडीबाजारात १६.५ एकरांवर जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. दादा-परदादांचं दुकान नेमकं कुठे होतं, हे सांगणारे बुजुर्ग संपत चाललेत. अशा वेळी डिरेक्टरीतली एक ओळसुद्धा मोठी वाटते.

एकच प्रत वाचून मात्र फार हाती लागत नाही. दोन वर्षांच्या प्रती शेजारी ठेवा, मग शहर बोलू लागतं. मुंबईची लोकसंख्या १८६४च्या मोजणीत ८,१६,५६२ होती, १८७२मध्ये ती ६,४४,४०५ भरली. मधे, १८६५मध्ये, कापसाची तेजी बुडाली. बॅक बे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांचे शेअर कागदाच्या भावाने गेले. १८६४ आणि १८६७च्या याद्या समोरासमोर ठेवून कोण उरलं, कोण नाहीसं झालं ते पाहा. तसंच बदरुद्दीन तय्यबजी १८६७मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. त्याच्या आधीची आणि नंतरची वकिलांची यादी मुलांना वाचायला दिली, तर इतिहासाचा अर्धा तास तिथेच होतो.

आता खरी अडचण सांगतो. या डिरेक्टऱ्या इंग्रजीत, साहेबाच्या कानाने लिहिलेल्या. उर्दूत मोहम्मद एकच, पण इथे महोमेद, मोहोमेद, महमद, जे कानावर पडलं ते छापलं. इब्राहिम ‘ई’मध्येही सापडतो, ‘आय’मध्येही. आडनाव कुठलं आणि वडिलांचं नाव कुठलं, याचाही गोंधळ. म्हणून नावाने सापडलं नाही तर रस्त्याच्या किंवा धंद्याच्या यादीतून शोधा. आणि काहीच सापडलं नाही तर माणूस नव्हताच, असं समजू नका. साहेबांची नावं तपशिलाने, आपले मोठे व्यापारी थोडक्यात, आणि भाडेकरू, खलाशी, विणकर, बायका जवळजवळ नाहीतच. पुस्तक ज्यांच्यासाठी छापलं त्यांच्याच सोयीचं असणार.

दुसरी गोष्ट, वारसाच्या किंवा वक्फच्या भांडणात काही लोक डिरेक्टरीचं पान घेऊन येतात. त्या पत्त्यावर तो माणूस राहत होता किंवा धंदा करत होता, एवढंच ते पान सांगतं. मालकी सांगत नाही. मालकीसाठी सिटी सर्व्हेचे उतारे आणि दस्तच लागतात. अन् १८७० असं छापलं असलं तरी माहिती बहुतेक १८६९च्या अखेरीची असते, हेही ध्यानात असू द्या.

विकत घ्यायचीच असेल तर शीर्षकपान, नकाशा, पुरवणी आणि जाहिरातींची पानं आहेत का ते आधी मोजा. जाहिराती नसलेली प्रत स्वस्त मिळते, पण आमच्या मते अर्धी मजा जाहिरातीतच असते. आजकालचं पुनर्मुद्रण जुन्या प्रतीच्या भावात घेऊ नका. नुसती माहिती हवी असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर बरंच फुकट मिळतं, आणि मुंबईत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहेच. घरात पेटीत जुनी प्रत निघाली तर सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक कागद खातो. कसर आणि ओल यांपासून लांब, आडवी ठेवा. कोऱ्या पानांवर कुणी पेन्सिलने बदललेले पत्ते लिहिले असतील तर ते खोडू नका. त्यांचा फोटो आधी काढा.