काचेतला लांडगा

‘जुना व्हिडिओ गेम असेल तर दाखवता का?’ असे गोंदिया जिल्ह्यात कोणालाही विचारले, तर समोर तीन-चार निरनिराळ्या वस्तू येतात. कोणी टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले यंत्र माळ्यावरून काढतो. कोणी पाणी भरलेली प्लॅस्टिकची डबी आणतो. तिचे बटण दाबले की रंगीत कड्या उसळून खुंट्यांत अडकतात. विजेचा तिच्याशी काडीचाही संबंध नाही. कोणी नुसता कॅल्क्युलेटरच दाखवतो. मला हवी असते ती चौथी वस्तू : हातात मावणारी किंवा टेबलावर ठेवायची, स्वतःचाच पडदा असलेली, सेलवर चालणारी आणि बहुधा जन्मभर एकच खेळ खेळवणारी. मराठीत तिला वेगळे नाव पडले नाही. बाजाराने तिला ‘व्हिडिओ गेम’ म्हटले आणि ते चालून गेले. खरे तर तिच्यात ‘व्हिडिओ’ असे काहीच नाही. टीव्हीच्या पडद्यावर चित्र दर क्षणी नव्याने रंगवले जाते. या खेळांत ते कारखान्यातच तयार होते आणि काचेत कायमचे बसते. खेळ म्हणजे त्यातले कोणते चित्र केव्हा दाखवायचे एवढीच निवड. संग्राहकाची सगळी अडचण या एका गोष्टीतून सुरू होते, म्हणून ती आधी नीट पाहू.

हे खेळ तीन प्रकारच्या उजेडावर चालत. पहिला लाल एलईडीचा. एसटीडी बूथमध्ये मीटरवर पळणारे लाल आकडे ज्यांनी धडधडत्या छातीने पाहिले आहेत, त्यांना तो समजावून सांगायला नको. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने १९७६ साली ‘ऑटो रेस’ नावाचा हातातला खेळ काढला. त्यातली मोटार म्हणजे एक लाल रेघ, समोरून येणाऱ्या मोटारी म्हणजे आणखी काही लाल रेघा. आतली चिप कॅल्क्युलेटरच्या जातीची होती आणि सगळा खेळ ५१२ बाइटमध्ये बसवला होता. आजच्या संगणकात देवनागरीचे एक अक्षर साधारण तीन बाइट घेते. म्हणजे हा परिच्छेदही त्या खेळात मावला नसता.

दुसरा उजेड निळसर-हिरवा. व्हीसीआरच्या घड्याळात दिसायचा तोच. हवा काढून घेतलेल्या काचेच्या चपट्या नळीत केसासारखी बारीक तार तापते, तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन स्फुरदीप्त लेपावर आदळतात आणि लेपाचा तेवढा आकार उजळतो. टेबलावर ठेवायचे खेळ बहुतेक याच जातीचे. कोलेको कंपनीने १९८२ पासून ‘पॅक-मॅन’, ‘डाँकी काँग’ वगैरे आर्केडमधल्या मोठ्या यंत्रांच्या वीतभर प्रतिकृती काढल्या, त्या अशाच. चार जाड सेल त्या भराभर खाऊन टाकत. असा नमुना मला जिल्ह्यात एकच मिळाला, गोंदियातल्या एका राइस मिलवाल्या कुटुंबाकडे. परदेशवारी केलेल्या नातेवाइकाने तो आणला होता, आणि सेलच्या खर्चापायी मुलांना तो फक्त रविवारी मिळे.

तिसरा प्रकार एलसीडीचा. त्यात स्वतःचा उजेडच नसतो. दोन काचांच्या मध्ये द्रव स्फटिकांचा पातळ थर आणि दोन्ही बाजूंना प्रकाश गाळणारी पोलरायझरची फिल्म. आतून काचेवर पारदर्शक विद्युतवाहक लेप ठराविक आकारात दिलेला असतो. वीज दिली की तेवढ्या आकारातले स्फटिक वळण बदलतात, प्रकाश अडतो आणि तो आकार काळा दिसतो. लेपाचा आकार माकडाचा असेल तर माकड, अंड्याचा असेल तर अंडे. जिथे लेप नाही तिथे जगातली कोणतीही चिप काही उमटवू शकत नाही.

या प्रकाराला वैभव आणले जपानच्या निन्टेंडोने. कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या चढाओढीत एलसीडी स्वस्त झाली होती. गुन्पेइ योकोइ या तंत्रज्ञाने आगगाडीत एका कंटाळलेल्या प्रवाशाला कॅल्क्युलेटरशी चाळा करताना पाहिले आणि त्यातून ‘गेम अँड वॉच’ सुचला, अशी हकिगत सांगितली जाते. पहिला खेळ, ‘बॉल’, एप्रिल १९८० मध्ये आला. नव्या तंत्रामागे धावण्यापेक्षा जुन्या, स्वस्त झालेल्या तंत्राचा कोणी न केलेला उपयोग शोधावा, हे योकोइंचे तत्त्व. त्या मालिकेचे जगभरात ४ कोटी ३४ लाख नग खपले. चार दिशांचे अधिक चिन्हासारखे बटण तिच्यातल्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’मध्ये आले. या खेळाचा पडदा तिरपा धरला तर एक गंमत दिसते : सगळी चित्रे एकाच वेळी फिकट उमटतात. उडी मारणारा, पडलेला, जिंकलेला, हरलेला, सगळे एकमेकांशेजारी. खेळात जे जे घडू शकते ते सारे काचेत आधीपासून हजर असते.

माझ्याकडचा लेखाच्या शीर्षकातला लांडगा आमगावकडच्या एका घरातला. ‘नू, पगदी!’ या सोव्हिएत व्यंगचित्रमालेतला हा लांडगा टोपली घेऊन उभा आहे. चार घसरगुंड्यांवरून अंडी गडगडत येतात आणि ती झेलायची. यंत्रावर ‘एलेक्त्रोनिका’ असे रशियन लिपीत लिहिलेले. हा खेळ निन्टेंडोच्या १९८१ च्या ‘एग’ची हुबेहूब नक्कल आहे. चिपसुद्धा जपानी चिपवर बेतलेली. सोव्हिएत दुकानांत त्याची किंमत २५ रूबल होती. हजार गुण केले की पडद्यावर अख्खे व्यंगचित्र सुरू होते, अशी तिकडच्या मुलांची पक्की समजूत होती. प्रत्यक्षात ९९९ नंतर गुण पुन्हा शून्यावर येतात. काचेत व्यंगचित्र कोरलेलेच नाही, तर ते दिसणार कुठून!

हा लांडगा धानाच्या मुलखात कसा आला? गोंदिया हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन. पूर्वेला दोन-अडीच तासांवर दुर्ग आणि त्याला लागून भिलाई. तिथला पोलाद कारखाना १९५५ च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि पुढेही अनेक वर्षे तिथे रशियन तंत्रज्ञांची ये-जा होती. आमगावच्या त्या घरातले आजोबा याच कारखान्यात नोकरीला होते. परत निघालेल्या एका रशियन कुटुंबाने पोरांसाठी तो खेळ दिला, असे त्यांच्या सूनबाई सांगतात. याला कागदाचा पुरावा नाही. पण गोष्ट रेल्वेच्या नकाशाशी आणि यंत्राच्या वयाशी जुळते, म्हणून मी ती वहीत ‘घरची सांगी’ अशा शेऱ्यानिशी उतरवून घेतली.

लांडगा मात्र अपवाद. जिल्ह्यात खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचला तो ‘ब्रिक गेम’. विटा कोसळतात, त्या रचायच्या, ओळ भरली की ती नाहीशी होते. मूळ खेळ ‘टेट्रिस’, मॉस्कोच्या अलेक्सेइ पाजित्नोव याने १९८४ मध्ये लिहिलेला. त्याच्या संगणकाला चित्रे काढता येत नव्हती, म्हणून त्याने विटा कंसांच्या चिन्हांनी दाखवल्या. नव्वदीच्या दशकात चिनी कारखान्यांनी त्याची हातात मावणारी आवृत्ती बेसुमार काढली. तिच्या काचेत माकड नाही की लांडगा नाही. दहा रकाने आणि वीस ओळी, म्हणजे दोनशे चौकोन, बाजूला पुढची वीट दाखवायची छोटी खिडकी आणि चार-दोन चिन्हे. एवढ्यातून विटा, साप, मोटार, बेडूक सगळे उभे करायचे. वेष्टनावर मात्र ‘९९९९ इन १’! मोजून पाहिले तर आत दहा-पंधरा खेळ निघतात. वेग आणि पातळी यांनी गुणत गेले की आकडा हवा तेवढा फुगवता येतो.

आमच्या झाडीपट्टीत तो पोहोचला मंडईतून. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. रात्री दंडार नाहीतर नाटक, दिवसा मिठाई, बांगड्या आणि खेळण्यांची दुकाने. पाहुण्यांनी पोरांच्या हातावर ठेवलेले पैसे तिथेच खर्च होत. प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा हे दुसरे ठिकाण. दुकानदार माल नागपूरहून आणत. त्यामागचा पत्ता विचारला तर जुने विक्रेते ‘बंबईचा’ किंवा ‘कलकत्त्याचा’ एवढेच सांगतात. त्यापलीकडे न सांगण्याला कारण आहे. १९९१ नंतरही ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर बंधने होतीच. संख्यात्मक निर्बंधांची शेवटची मोठी यादी, ७१५ वस्तूंची, १ एप्रिल २००१ रोजी उठली. त्याआधीचा परदेशी माल मुंबईच्या मनीष मार्केटसारख्या किंवा कोलकात्याच्या खिदिरपूरसारख्या बाजारांतून पाझरत यायचा. पावती नाही, आयातदाराचे नाव नाही.

यंत्रही काही बोलत नाही. निन्टेंडोच्या खेळावर कंपनी, मॉडेल, क्रमांक सगळे असते. ब्रिक गेम उघडला तर हिरवट-तपकिरी पट्टी आणि तिच्यावर काळ्या रसायनाचा टणक थेंब. चिप त्या थेंबाखाली. एका बहुचर्चित नमुन्यात तैवानच्या होल्टेक कंपनीची चार बिटांची चिप निघाली आहे, पण वरून पाहून ते कळत नाही. खोक्यावरचे नाव दर मंडईला बदले. मग वय ठरवायचे कशावरून? विकत घेतल्याची आठवण असेल, त्यावरून : दहावीच्या आधीची दिवाळी, ताईच्या लग्नाचे वर्ष, बालाघाटची छोटी रेल्वे बंद झाली त्याच्या आधी की नंतर. संग्राहक म्हणून मी यंत्रापेक्षा या आठवणींच्याच जास्त मागे असतो. शहरातले काही संग्राहक न उघडलेल्या खोक्यासाठी हजारो रुपये मोजतात. मला पाठीवर कंपासने नाव कोरलेला, झाकण हरवलेला, रबरबँडने बांधलेला नग जास्त सांगतो.

हे खेळ मरतात कसे, तेही सांगितले पाहिजे. पहिला मारेकरी सेल. साधा पेन्सिल सेल संपल्यावर त्याचे जस्ताचे कवच विरते आणि आतला आम्लधर्मी रस बाहेर येतो. स्प्रिंग हिरवी पडते. तिथे खायच्या सोड्याचे पाणी चालते. अल्कलाइन सेल गळला तर पांढरी भुकटी जमते आणि तिला उलट व्हिनेगर लागते. दुसरा, पोलरायझरची फिल्म. ती जुनी होऊन तपकिरी पडते, कधी फोड येतात, आणि यंत्र उघडताच आंबूस वास येतो. सुदैवाने ती बदलता येते. तिसरे दुखणे जोडणीचे. चांगल्या यंत्रांत पडदा आणि पट्टी यांच्यामध्ये वाहक व विरोधक थर आलटून-पालटून असलेली रबराची कांडी असते. ती पुसून बसवली की पडदा जागा होतो. स्वस्त यंत्रांत चिकटवलेली फीत असते. ती सुटली की चौकोनांच्या ओळीच्या ओळी गायब. आमच्याकडचा मे महिना वेगळाच. टिनाच्या छपराखाली ठेवलेला पडदा सगळा काळा पडतो, घरचे ‘जळला’ म्हणून फेकायला निघतात. उष्णतेने स्फटिकांची रचना मोडलेली असते एवढेच. थंड झाले की बहुधा तो पूर्ववत होतो.

काच फुटली तर मात्र इलाज नाही. आणि कबाडी नेमकी तीच टाकून देतो. प्लॅस्टिक किलोवर जाते, पट्टी वेगळी निघते, काचेला भाव नाही. जुने खेळ संगणकावर पुन्हा जिवंत करणारा ‘मेम’ नावाचा एक जागतिक प्रकल्प आहे. टीव्हीच्या खेळांसाठी त्याला चिपमधली आज्ञावली पुरते. या खेळांसाठी ती पुरत नाही. आधी आम्लाने चिपचे आवरण जाळून सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो घ्यावे लागतात, मग काच वेगळी काढून तिच्यातला प्रत्येक आकार स्कॅन करून गिरवावा लागतो. म्हणजे खेळ वाचवायला त्याचा एक नग बळी द्यायचा. लांडग्याचा दुसरा नग मिळेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. ब्रिक गेमचे मात्र मी गेल्या वर्षी तीन मोडके नग उघडले आणि काचा बाजूला काढल्या.

त्या काचांतून एक धागा हाती आला आहे. खेळ मध्येच थांबवला की ब्रिक गेमच्या कोपऱ्यात वाफाळत्या कपाचे चिन्ह उमटते. दोनशे चौकोन सगळीकडे सारखेच, पण कप सारखा नाही. माझ्याकडच्या नगांत एका कपाचा कान उजवीकडे आहे, एकाचा डावीकडे. एकाला बशी आहे. वाफेच्या रेघा कुठे दोन, कुठे तीन. खोकी निराळी, नावे निराळी, पण तिरोडा आणि नवेगावबांधच्या दोन नगांतला कप रेघेरेघेत एक, म्हणजे काच एकाच साच्यातली. निनावी कारखान्यांची ओळख पटवायला एवढी एकच सही उरली आहे. त्यामुळे या वर्षी मंडईला निघताना वहीत एक रकाना वाढवला आहे. विकत घेतल्याचे वर्ष, गाव, किंमत, कोणाच्या पैशाने, आणि शेवटी : कप कसा.